परीक्षेच्या आधी घोटीची राईस मिल

नाशिकला जाऊन आले म्हटलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, "त्र्यंबकेश्वर झालं का?" दुसरा येतो, "द्राक्षं आणलीस का?" माझ्याकडे दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. मी गंगेवरही, म्हणजे गोदाकाठीही, गेले नाही आणि वाइनच्या मळ्यांकडेही फिरकले नाही. मी गेले देवळाली कॅम्पात आणि घोटीत, तेही हक्काची सुट्टी मोडून, अभ्यास करायला. पन्नाशीला टेकलेली बाई अभ्यासाला परगावी जाते हे ऐकून आमच्या सोसायटीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने तर विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी ठीक होतं. ऑफिसात नव्हतं.

कॉलेजमधून बाहेर पडल्यापासून मी सॉफ्टवेअरमध्येच आहे. आधी स्वतः प्रोग्राम लिहायचे, मग लिहिणाऱ्यांवर देखरेख, मग देखरेख करणाऱ्यांच्या मीटिंगा. पगार वर जात राहिला आणि हात कीबोर्डवरून उठत गेले. यंदा कंपनीत एआयची नवी टीम उभी राहिली तेव्हा मी नाव दिलं. माझा मॅनेजर अद्वैत माझ्या भाच्याच्या वयाचा, अतिशय सभ्य मुलगा. तो सभ्यपणेच म्हणाला, "मॅडम, तुमच्या अनुभवाचा उपयोग समन्वयासाठी जास्त होईल." समन्वय म्हणजे मीटिंग बोलवायची आणि झालेल्या मीटिंगचं सार सगळ्यांना पाठवायचं. सार पाठवण्याचं काम एआय आधीच करत होता, म्हणजे माझ्या वाट्याला उरलं बोलावणं. मी म्हटलं, "मला परीक्षा द्यायचीय."

परीक्षा अशी होती. स्वतः केलेला, कोणीतरी खरोखर वापरत असलेला एक छोटा प्रोग्राम दाखवायचा. परीक्षक सांगतील तो बदल त्यांच्यासमोर करायचा. एआयची मदत घ्यायला हरकत नाही, पण त्यातल्या कुठल्याही ओळीचं कारण विचारलं तर तोंडी सांगता आलं पाहिजे. पास झाले तर नवी टीम, नाहीतर समन्वय. परीक्षा शुक्रवारी, ऑनलाइन. मी आठवड्याची रजा टाकली आणि रविवारची एसटी पकडली.

देवळाली कॅम्प

देवळालीत माझी कॉलेजची मैत्रीण रोहिणी राहते. नाशिकच्या एका तंत्रनिकेतनात ती संगणक शिकवते. तिचे यजमान तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि तिथेच स्थिरावले. कॅम्प म्हणजे रुंद रस्ते, जुनी झाडं, बेकऱ्या, संध्याकाळी बाजारात भाजी घ्यायला आलेल्या जवानांच्या बायका आणि त्यांच्या पाच-सहा राज्यांतल्या भाषा. पुण्यालाही कॅम्प आहे, पण तिथे चालायला जागा शोधावी लागते.

सोमवारी सकाळी मी चहाचा कप तोंडाला लावला आणि बाहेर असा काही धडाका झाला की खिडक्यांची तावदानं थरथरली. माझा चहा रोहिणीच्या कोऱ्या टेबलक्लॉथवर. घरातल्या कोणीही मान वर केली नाही. सुभेदारांनी पेपरचं पान उलटलं आणि म्हणाले, "लांबची आहे." तोफांचा सराव चालू होता. नंतर जवळची झाली तेव्हाही ते "ही जरा जवळची" एवढंच म्हणाले. मी मात्र प्रत्येक वेळी दचकले आणि प्रत्येक वेळी रोहिणी हसली.

नाष्ट्याला मिसळ आणली होती. काळ्या मसाल्याची, वर पापड, बाजूला दही. "आमच्याकडे यात पोहे घालतात," असं मी म्हणाले. रोहिणी म्हणाली, "तुमच्याकडे घालत असतील." मिसळीवरून नाशिककराशी वाद घालू नये, पाहुण्याने तर मुळीच नाही.

खाऊन झाल्यावर मी कामाला लागले. प्रोग्राम कशाचा करायचा ते ठरवूनच आले होते. घोटीला माझा मामेभाऊ दिनू राहतो. त्याची राईस मिल आहे. भाताची कापणी-झोडणी उरकली की आसपासच्या गावांतले लोक भात भरडायला गोण्या घेऊन येतात आणि दिवसदिवस नंबर लावून बसतात. प्रत्येकाला फोनवर नंबर कळला तर माणूस तेवढ्या वेळात बाजार करून येईल, अशी माझी कल्पना. मी दिनूला फोन करून विचारलं, "तुझ्याकडे नंबर कसे लागतात?"

"कसे म्हंजे? येतील तसे घेतो."

झालं. मी एआयला सांगितलं, येतील तसे घ्यायचे, नंबर आला की मेसेज पाठवायचा. दिनूच्या फोनवर एक बटण, एकाचं भात भरडून झालं की ते दाबायचं. दुपारच्या जेवणाआधी प्रोग्राम तयार. मी म्हटलं, याच्या चाचण्याही लिही. त्याने त्याही लिहिल्या आणि सगळ्या पास झाल्या. स्वतःच पेपर काढायचा आणि स्वतःच तपासायचा, असा तो प्रकार होता हे आता लिहिताना दिसतं. त्या वेळी मी रोहिणीला म्हटलं, "बघ, आपल्याला यायला वर्षं लागली ते आता जेवणाआधी होतं."

रोहिणीने पडद्याकडे पाहिलं. ती दर उन्हाळ्यात आपल्याच जुन्या विद्यार्थ्यांकडे जाऊन नवीन काहीतरी शिकून येते. पोरं हसतात, तिला फरक पडत नाही. तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "ही कशाला आहे?"

"चालतंय ना?"

"चालतंय," ती म्हणाली आणि ताटं घ्यायला गेली.

घोटी

मंगळवारी सकाळच्या गाडीने निघाले. देवळालीनंतर लहवित, अस्वली, पाडळी आणि मग घोटी. डाव्या हाताला कळसूबाईची रांग स्वच्छ दिसत होती. कापलेल्या खाचरांमध्ये भाताचे पेंढे रचून ठेवलेले आणि हवेत चांगलाच गारठा. पुण्यात आपण थंडीचं कौतुक करतो, इथे लोक कानाला मफलर गुंडाळून तिची तक्रार करतात.

दिनू स्टेशनवर मोटरसायकल घेऊन आला होता. चाळिशीतला, धिप्पाड, आवाज मिलच्या यंत्रावरून ऐकू जाईल असा. "ताई, आज लय गर्दी हाय. तुझी परीक्षा मोठी होणार." त्याची बायको सुलभा गोण्यांची नोंद बघते आणि जो कोणी दिसेल त्याला चहा पाजते. बटण दोघांच्याही फोनवर दिलं, म्हणजे एक यंत्राजवळ असला तर दुसरा दाबेल.

मिलच्या अंगणात गोण्यांच्या थप्प्या आणि थप्प्यांवर बसलेली माणसं. तूस सगळीकडे. नाकात, केसांत, माझ्या लॅपटॉपच्या फटींमध्ये. मी सगळ्यांचे फोन नंबर प्रोग्राममध्ये घातले. पहिला मेसेज गेला, माणूस हसत उठला, त्याचं भात यंत्रात पडलं. मला इतका आनंद झाला की मी फोटो काढला.

अडचण तिसऱ्या-चौथ्या नंबरला सुरू झाली. पहिल्याचं भात इंद्रायणी जातीचं होतं, दुसऱ्याचं कोळपी, तिसऱ्याचं पुन्हा इंद्रायणी. दिनू माझ्याकडे बघायचा, मी मान डोलवायचे, तो पुढचा घ्यायचा. भावाने बहिणीला शब्द दिला होता, तो पाळत होता. थोड्या वेळाने एका शेतकऱ्याने आपल्या तांदळात हात घातला, मूठ उघडून दिनूच्या नाकासमोर धरली आणि शांतपणे विचारलं, "ह्यो कुणाचा तांदूळ मिसळलाय माझ्यात?"

तेव्हा कुठे उलगडा झाला. भाताची जात बदलली की यंत्रात आधीच्याचं थोडं उरतं आणि ते पुढच्यात येतं. म्हणून दिनू रोज एका जातीचे सगळे आधी घेतो, मग यंत्र रिकामं फिरवतो, मग दुसरी जात.

"अरे, मग मला 'येतील तसे घेतो' का म्हणालास?"

"येतील तसेच घेतो की. इंद्रायणीवाले येतील तसे, कोळपीवाले येतील तसे."

त्याला यात काही चूक वाटत नव्हती आणि मलाही भांडायला जागा नव्हती. मी विचारलं होतं एकच वाक्य आणि त्यानेही उत्तर दिलं एकच वाक्य.

मी गोणीवर बसून एआयला नवा नियम सांगितला. त्याने कोड बदलला. मग एकाच माणसाला पुन्हापुन्हा बोलावणं जाऊ लागलं. मी तेही सांगितलं. त्याने माफी मागून बदललं. मग कोळपीवाल्यांना बोलावणंच बंद झालं. पुन्हा सांगितलं, पुन्हा माफी. शेवटी मी स्वतः कोड उघडला, नेमकं कुठे काय बदलायचं ते बघावं म्हणून. तो माझाच प्रोग्राम होता आणि मला त्यात वाट सापडत नव्हती. एवढी माणसं आजूबाजूला, सगळी माझ्याकडे बघतायत. मी घाबरले होते, हे सांगायला आता काही वाटत नाही.

तेवढ्यात एक म्हातारी बाई माझ्याजवळ येऊन बसली. डोंगराकडच्या पाड्यावरची, नाव जनाबाई. "माझा नंबर कवा हाय गं बाय?"

मी पाहिलं तर तिचा नंबर कधीच येऊन गेला होता. "मावशी, मेसेज आला नाही का फोनवर?"

"फोन पोराकडं हाय. त्यो गेलाय पिंपळगावला, द्राक्षाच्या कामाला. सून बी गेलीय."

म्हणजे घोटीच्या मिलमधून निघालेला मेसेज पिंपळगावच्या बागेत, द्राक्षाची विरळणी करणाऱ्या पोराच्या खिशात वाजला होता. त्या पाड्यावरचे निम्मे फोन या दिवसांत असेच कामाच्या गावी असतात.

दिनूने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे ताई. आम्ही आपले हाका मारू." त्याने तोंडाशी हात नेला आणि एका दमात कोळपीवाल्यांना बोलावलं. अंगण हललं, माणसं उठली, सगळं सुरळीत चालू झालं. तो प्रेमानेच म्हणाला होता, पण मला ते फार लागलं. ऑफिसात अद्वैत जे सभ्य भाषेत म्हणाला होता तेच हा घोटीच्या भाषेत म्हणत होता.

सुलभाने जेवायला ओढून नेलं. नव्या इंद्रायणीचा वाफाळता भात, उडदाची आमटी, नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, लसणाचा ठेचा. आम्ही पुण्यात नवा तांदूळ चिकट होतो म्हणून नाक मुरडतो आणि जुना दोन पैसे जास्त देऊन आणतो. इथे नवा भात पहिल्यांदा शिजतो तेव्हा शेजारी वाटीभर नेऊन देतात. वास असा की मी रागावलेली होते हे पहिल्या घासाला विसरले. दुसऱ्या घासाला आठवलं. सुलभा म्हणाली, "ताई, यांच्या हाका मला घरापर्यंत ऐकू येतात हो. संध्याकाळी घसा बसलेला असतो. तुमचं ते नीट झालं तर बरंच होईल." तिथून उठले ती ते नीट करायचं ठरवूनच उठले.

पुन्हा देवळाली

घरी आल्यावर रोहिणीने एवढंच विचारलं, "कुठे चुकलं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की कुठे चुकलं हे मला ठाऊक नाही. काय बिघडलं ते माहीत होतं. कुठे, ते नाही.

"मग पुसून टाक," ती म्हणाली.

"शुक्रवारी परीक्षा आहे माझी."

"म्हणूनच म्हणते. उद्याचा दिवस आहे तुझ्याकडे. हातानं लिही. त्याला फक्त प्रश्न विचारायला ठेव."

"अगं, आता कोण हातानं लिहितं?"

"कोणी नाही लिहीत. पण कसं लिहायचं हे न कळता वाचता तरी कसं येईल तुला? माझ्या वर्गातली पोरं रोज हेच म्हणतात, मॅडम, चालतंय. आणि मोडलं की माझ्याकडे येतात."

मी तिच्याशी भांडले. तिच्या पगाराला कोणी हात लावणार नाही, तिला काय होतंय बोलायला, असंही म्हणाले. सुभेदार उठून फिरायला गेले. रोहिणी शांतपणे वाटाणे सोलत बसली. भांडून झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेले, उरलेले वाटाणे तिच्यासोबत सोलले, आणि मग खोलीत जाऊन प्रोग्राम पुसून टाकला.

बुधवार पूर्ण त्यात गेला. एआयला मी स्पष्ट सांगितलं, मला उत्तर देऊ नकोस, कोडही देऊ नकोस, मी काय विसरतेय ते विचारत राहा. आणि त्याने विचारायला सुरुवात केली ती अशी की कॉलेजच्या तोंडी परीक्षेतले सर बरे म्हणायचे. एका जातीची रांग संपत आली आणि तेवढ्यात नवा माणूस आला तर त्याला आत घ्यायचं की दुसरी जात सुरू करायची? मला माहीत नव्हतं. दोघे एकाच वेळी आले तर? एकाच माणसाकडे दोन जाती असल्या तर? तो दोनदा थांबणार का?

प्रत्येक प्रश्नाला मी दिनूला फोन लावायचे. दिनू छातीठोक उत्तर द्यायचा आणि पाठीमागून सुलभा म्हणायची, "असं कुठं करता तुम्ही? काल त्या लांबच्या आजोबांना आधी नाही का घेतलं?" मग त्यांचं आपसात चालायचं. लांबून आलेल्याला गाडी चुकू नये म्हणून आधी घ्यायचं, हा नियम दिनूलाही त्या भांडणात पहिल्यांदाच कळला. तो रोज ते करत होता, पण असा नियम आहे हे त्याने कधी म्हटलं नव्हतं.

रांगांचं हे गणित मी विसाव्या वर्षी शिकले होते, चांगले मार्कही पडले होते. आता बोटं अडखळत होती. एका साध्या चुकीपाशी मी इतका वेळ बसले की बाहेर तोफ झाली आणि मी दचकले नाही. सुभेदारांनी दारातून डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "आता तुम्ही देवळालीच्या झालात."

प्रोग्राम पहिल्यापेक्षा निम्म्याहून लहान झाला. दोन-चार ठिकाणी मीच एआयकडून एखादी ओळ मागून घेतली, कारण तो भाग मला जमत नव्हता. बाकी प्रत्येक ओळ मी लिहिली होती.

घोटी, दुसऱ्यांदा

गुरुवारी मी दिनूला न सांगताच गेले. सांगितलं असतं तर "राहू दे ताई" म्हणाला असता. मार्गशीर्षातला गुरुवार, सुलभाचा उपवास. दारात रांगोळी, घरात घट मांडलेला आणि मिलमध्ये नेहमीची गर्दी. दिनू मला बघून हसला. "परत आलीस?"

"आले. आज बिघडलं तर तू हाका मार, मी पुण्याला जाते."

या वेळी सुरुवातीला मी काहीच चालू केलं नाही. अंगणात फिरून आधी बोलले. जनाबाई उरलेल्या गोण्या घेऊन आल्या होत्या. त्यांना विचारलं, "मावशी, तुम्हाला निरोप कसा द्यायचा?"

"जीपवाल्याला सांगा की. गोण्या बी त्योच आणतो, आमाला बी त्योच आणतो. जीप सुटल्याशिवाय आमी कुठं जातोय?"

जीपवाला बाजूलाच तंबाखू मळत उभा होता. त्याला फोन नंबर मागितला तर म्हणाला, "आठ-दहा जणांचे मेसेज एकट्याला? मला पगार काय देणार?" पण दिला. मग पाड्यावरच्या सगळ्यांचे निरोप त्याच्या फोनवर लावले. हा बदल मी तिथेच, गोणीवर बसून, स्वतःच्या हाताने केला. कुठे करायचा ते मला माहीत होतं. त्या क्षणी जो आनंद झाला तो पहिल्या दिवशीच्या फोटोतल्या आनंदापेक्षा वेगळा होता, आणि या वेळी फोटो काढायचं सुचलंही नाही.

इंद्रायणीवाले झाले, यंत्र रिकामं फिरलं, कोळपीवाले सुरू झाले. एकदा जीपवाला चहाला गेला आणि एका आजोबांचं बोलावणं हुकलं. दिनूने तेवढ्यापुरती हाक मारली. दुपारपर्यंत त्याने मारलेली तेवढीच. संध्याकाळी निघताना तो साध्या आवाजात म्हणाला, "उद्या पण चालू ठेवू ना?" त्याचा घसा बसला नव्हता.

परीक्षा

शुक्रवारी रोहिणीने मला बैठकीची खोली दिली आणि सुभेदारांनी टीव्ही बंद ठेवला. पडद्यावर अद्वैत आणि त्याच्या शेजारच्या चौकोनात ईशा, नव्या टीमची प्रमुख. वयाने अद्वैतहूनही लहान, बोलणं मोजकं. मी प्रोग्राम दाखवायला सुरुवात केली आणि पहिली तोफ झाली. दोघेही खुर्चीत मागे सरले.

"काय झालं?" अद्वैतने विचारलं.

"लांबची आहे," मी म्हटलं आणि पुढे बोलत राहिले.

ईशाने बदल सांगितला. "बोलावल्यावर ठरावीक वेळात उत्तर आलं नाही तर त्या माणसाचा नंबर रद्द करा."

"करते," मी म्हटलं, "पण एक आधी सांगते. या मिलमध्ये उत्तर देणारा माणूस आणि भात आणणारा माणूस एक नसतो. जीपवाला घाटात गाडी चालवत असेल तर उत्तर देणार नाही आणि रद्द होईल जनाबाईंचा नंबर. मी त्याऐवजी त्यांना भाताच्या त्याच जातीच्या पुढच्या माणसामागे सरकवेन."

"पण मी रद्द म्हटलं."

"रद्द करणारी ओळही लिहून दाखवते. फक्त ती मिलमध्ये चालू करणार नाही."

दोन्ही लिहून दाखवल्या. एआयने मध्ये एक सूचना केली, ती का घेत नाही तेही सांगितलं. आवाज स्थिर होता. मनात म्हणत होते, जमतंय, जमतंय. मग ईशाने पडद्यावरच्या एका ओळीवर खूण केली. "ही कशाला आहे?"

ती मी एआयकडून मागून घेतलेल्या ओळींपैकी होती. बुधवारी संध्याकाळी थकले होते, चालली म्हणून ठेवली होती.

"ही मला माहीत नाही," मी म्हटलं.

"काढली तर काय होईल?"

"काढून बघू."

काढली. सगळ्या चाचण्या पास झाल्या, प्रोग्राम तसाच चालला. म्हणजे ओळ बिनकामाची होती, किंवा माझ्या चाचण्याच अपुऱ्या होत्या. मी पुन्हा म्हटलं, "अजूनही माहीत नाही. पण ती कारणाशिवाय नसावी, म्हणून परत ठेवते." आणि परत ठेवली. ईशाने मान हलवली. "उद्या कळवते." पडदा काळा झाला. मी रोहिणीच्या स्वयंपाकघरात गेले आणि उभ्याउभ्या रडले. एका ओळीसाठी सगळं गेलं असं मला खात्रीने वाटत होतं.

परतीची एसटी

शनिवारी बस सिन्नरच्या बाहेर पडली आणि ईशाचा फोन आला. "मॅडम, सोमवारपासून तुम्ही आमच्याकडे. फक्त एक सांगायचं राहिलं. आमच्या टीममध्ये ही परीक्षा दर सहा महिन्यांनी असते. सगळ्यांची. माझी पुढच्या महिन्यात आहे."

मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण त्याच्यामागून राग आला. ही शेवटची परीक्षा म्हणून मी जीव काढला होता. आता मुलीच्या वयाच्या पोरी मला साठीपर्यंत दर सहा महिन्यांनी फळ्यासमोर उभं करणार. शेजारच्या बाईंनी पेरू पुढे केला तो नको म्हटलं.

संगमनेरच्या स्टँडवर चहा घेतला आणि परत जागेवर येऊन लॅपटॉप मांडीवर उघडला. ती ओळ काढली. या वेळी चाचण्यांकडे बघितलंच नाही. मिल डोळ्यांसमोर आणली. यंत्राजवळ दिनू, दारात सुलभा, दोघांच्या हातात दोन फोन. एकाचं भात भरडून झालं, दिनूने बटण दाबलं, आणि त्याने दाबलं नसेल असं समजून त्याच क्षणी सुलभानेही दाबलं. रांग एकाऐवजी दोनने पुढे सरकली असती. मधला माणूस, ज्याला कोणी बोलावलंच नाही, तो गोणीवर बसून राहिला असता. ती ओळ एकाच्या भातामागे एकच बोट मोजत होती, दुसरं सोडून देत होती.

मी तशी चाचणी लिहिली. ओळ काढून चालवली, मधला माणूस हरवला. ओळ ठेवून चालवली, सापडला. नारायणगाव आलं होतं. मी ईशाला सगळं सविस्तर लिहून पाठवलं, दिनू-सुलभासकट.

मंचरच्या अलीकडे तिचं उत्तर आलं. "थँक्यू मॅडम. मलाही माहीत नव्हतं, म्हणून विचारलं होतं."